आवाजाची शेपटी

टण्ण!

ओट्यावर वाळत ठेवलेल्या पातेल्यावरचं झाकण घसरलं आणि फरशीवर गरगर फिरत राहिलं. स्वयंपाकघरात पाच माणसं श्वास रोखून, जिथल्या तिथे पुतळ्यासारखी उभी होती. झाकण काही थांबायचं नाव घेईना. आधी एकाला हसू फुटलं, मग दुसरीला, आणि मग सगळ्यांचाच बांध फुटला. कानांना हेडफोन लावून खाली बसलेली एक बाई तेवढी हसली नाही. तिनं डोळे मिटून घेतले आणि ती म्हणाली, "परत. सगळे परत गप्प. त्या झाकणालाही कुणीतरी समजावून सांगा."

मित्रांनो, तिच्या मांडीवर जो काळा, कोपरे झिजलेला डबा होता, तो मी. मी एक जुना रेकॉर्डर आहे. आवाज टिपून ठेवणं हे माझं काम. त्या दिवशी त्या स्वयंपाकघरात मात्र मी शांतता टिपत होतो.

शांतता काय टिपायची, असं तुम्हाला वाटेल. नवा होतो तेव्हा मलाही तसंच वाटायचं. पण कोणतीच खोली खरोखर गप्प नसते. एकीत पंख्याचा श्वास असतो, दुसरीत खिडकीखालचा रस्ता असतो, तिसरीत भिंतीच्या पोटातून पाणी जात असतं. सिनेमा करणारी माणसं एखाद्या खोलीतलं काम आटोपलं, की निघण्याआधी सगळ्यांना मिनिटभर गप्प उभं करतात आणि त्या खोलीची शांतता माझ्यासारख्याच्या पोटात भरून नेतात. पुढे बोलण्याचे तुकडे जोडताना मधल्या फटी त्या शांततेनं लिंपायच्या असतात. पण हे सगळं मला पुष्कळ नंतर कळलं. आधी माझं बालपण ऐका.

माझा जन्म एका लांबच लांब टेबलांच्या कारखान्यात झाला. पांढरी टोपी घातलेल्या एका बाईनं माझ्या पोटात केसाइतक्या बारीक तारा जोडल्या. शेवटी तपासणीच्या टेबलावर एका माणसानं मला माईक जोडला आणि तो म्हणाला, "एक, दोन, तीन... काय झोप येतेय बुवा." वर एक भलीमोठी जांभई दिली. मी ती जांभई त्याला जशीच्या तशी परत ऐकवली. तो दचकलाच. "चुगलखोर दिसतोय लेकाचा," असं म्हणून त्यानं माझ्या पाठीवर शिक्का मारला. दमलेल्या माणसाच्या जांभईनं माझं आयुष्य सुरू झालं, आणि खरं सांगायचं तर पुढेही माझ्या वाट्याला दमलेलीच माणसं आली.

मी आलो तो सिनेमा शिकवणाऱ्या एका संस्थेत. पदवी पदरात पडलेली मोठी मुलं तिथे आणखी दोन वर्षं शिकायला येतात. मोठी म्हणजे कशी? कुणाला दाढी आलेली, कुणी चांगल्या नोकरीवर पाणी सोडून आलेली, एखाददुसरी लग्नसुद्धा झालेली. तिथे घोकंपट्टी नाही. करायचं आणि शिकायचं. चुकायचं आणि परत करायचं. आधी एका खोलीतला, एकही वाक्य नसलेला छोटा सिनेमा. मग एखाद्या खऱ्याखुऱ्या माणसाच्या मागे फिरून त्याच्यावरचा माहितीपट. एक जण दिग्दर्शक होतो, दुसरी कॅमेरा धरते, तिसरा दिवे उचलतो, चौथी मला गळ्यात अडकवते, आणि पुढच्या सिनेमाला सगळे जागा बदलतात. काल ज्यानं घसा फोडून हुकूम सोडले, तो आज निमूटपणे चहा आणतो. यासारखं शिक्षण नाही. सगळ्यात शेवटी प्रत्येकाचा स्वतःचा एक सिनेमा. तो तपासणाऱ्यांच्या पसंतीला उतरला, तर दोन वर्षांचं सोनं. नाही तर माती.

माझ्या उमेदीच्या काळात मी काय काय ऐकलं म्हणून सांगू! घंटा वाजवत जाणारी मेंढरं ऐकली. पहाटे पाव भाजणाऱ्याच्या भट्टीचा घुमारा ऐकला. एका बहाद्दरानं तर माझा माईक मधमाश्यांच्या पेटीत सोडला होता. स्वतः सुजलेल्या तोंडानं घरी गेला, पण आवाज असा मिळाला की वर्गात टाळ्या पडल्या. "याच्या आवाजाला ऊब आहे," असं आवाज शिकवणाऱ्या बाई माझ्याबद्दल म्हणायच्या. मला घेण्यासाठी मुलांमध्ये भांडणं व्हायची.

या बाई दर वर्षी नव्या मुलांना पहिला धडा देत, तो आवाजाच्या शेपटीचा. "अरे, आवाज संपला की लगेच बटण दाबू नका," त्या सांगत. "थांबा. प्रत्येक आवाजाला शेपटी असते. घंटा वाजून गेल्यावर हवेत राहते ना, ती. शेपटी तुटली की आवाज मेला. मग कितीही जोडा, तुटलेलाच वाटणार." मुलं माना डोलावत आणि पुढचे दोन महिने शेपट्या तोडून आणत. तिसऱ्या महिन्यापासून मात्र ती सवय अंगात अशी भिनायची, की फोन ठेवतानासुद्धा ती मुलं क्षणभर थांबायची.

मग माझे दिवस फिरले. तळहातावर मावतील असे नवे रेकॉर्डर आले. वजनाला हलके, दिसायला देखणे. माझी रवानगी सामानाच्या खोलीत खालच्या फळीवर झाली. माझ्या बॅटरीच्या झाकणाची कडी तुटली, ती कुणी बसवली नाही. पावडरसारखी धूळ माझ्या बटणांत शिरली. सामानाच्या खोलीच्या काकांचा नियम साधा होता: सकाळी जो आधी येईल, त्याला चांगलं यंत्र. जो मागून येईल, त्याला मी.

आणि ती नेहमी मागून यायची.

वर्गात तिला सगळे 'आईसाहेब' म्हणत. तेवढ्या वर्गात आई झालेली ती एकटीच. तिला चार वर्षांची मुलगी होती. ती पोर एका जागी ठरतच नसे, म्हणून घरात तिचं नाव पडलं होतं भिंगरी. नवरा दूरच्या गावी नोकरीला. सासूबाई खास या दोन वर्षांसाठी घर सोडून सुनेच्या मदतीला येऊन राहिल्या होत्या. सकाळी भिंगरीला दूध, भिंगरीची वेणी, भिंगरीचा हरवलेला एक मोजा, हे सगळं उरकून आईसाहेब धावत पळत सामानाच्या खोलीशी पोचायची, तोवर वरच्या फळ्या रिकाम्या झालेल्या असायच्या.

"आलात?" काका म्हणायचे. "तुमचा म्हातारा वाट बघतोय."

"द्या काका. आम्ही दोघंही धडपडत का होईना, चालतोय ना?"

पहिल्याच दिवशी तिनं माझी धूळ मऊ ब्रशनं झाडली. माझ्या तुटक्या झाकणावर भिंगरीचं केसांचं लाल रबर लावलं. मित्रांनो, किती वर्षांत मला कुणी असा हात लावला नव्हता! ती माझ्या वायरी गुंडाळायची तीसुद्धा पोरीची वेणी घालावी तशी, सैल आणि नीट. बसमध्ये मला मांडीवर घेऊन बसायची आणि पुढच्या सीटवर डोकं टेकून डुलकी काढायची. तिच्या पोटातली भूक, तिचा कोरडा खोकला, सगळं मला ऐकू यायचं.

शेवटचा सिनेमा तिनं असा योजला होता. एक परिचारिका आहे. रात्रपाळीला निघायची वेळ झालीय. आतल्या खोलीत तिचं मूल झोपेतून उठून रडायला लागतं. ती चपला हातात घेऊन बंद दारापाशी उभी राहते. आत गेली तर आज जाणं होणार नाही. नाही गेली तर... बस, एवढाच सिनेमा. मूल कुठेच दिसत नाही. नुसतं ऐकू येतं. आवाजाचं काम दुसऱ्या कुणावर सोपवायला ती तयार नव्हती, म्हणून दिग्दर्शनही तिचंच आणि हेडफोनही तिच्याच कानावर. चित्रीकरण तिच्याच घरी झालं. झाकणानं उच्छाद मांडला तो त्याच दिवशी. फ्रिजची घरघर नको म्हणून तो बंद केला होता, आणि चालू करायचं राहू नये म्हणून कॅमेरा धरणाऱ्या मित्रानं आपल्या मोटारसायकलची किल्ली फ्रिजमध्येच ठेवली होती. किल्लीशिवाय निघता येत नाही, आणि ती घ्यायला गेलं की फ्रिज आठवतोच, अशी या लोकांची ही जुनी युक्ती आहे.

सासूबाईंनी फ्रिज उघडला आणि कपाळावर हात मारला. "अगं, ही किल्ली का थंड करताय? हा मुलगा ही खाणार आहे का?"

त्या मुलाला मित्र 'दाढी' म्हणत. दाढी म्हणाला, "आजी, खायला दिलंत तर किल्लीपण खाईन. सकाळपासून चहावर आहे."

बंद दारामागचं रडणं मात्र बाकी होतं. घाईत तिनं संस्थेच्या साठ्यातलं एक तयार रडणं तिथे बसवलं आणि कच्चा सिनेमा बाईंना दाखवला.

दिवे लागले. बाई आईसाहेबांकडे वळल्या. मग म्हणाल्या, "हे बाळ माझ्या ओळखीचं आहे. दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या सिनेमात रडतं. आता लग्नाचं झालं असेल."

मुलं हसली. आईसाहेबही हसली, कारण हसण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"हे बघ," बाई तिला म्हणाल्या, "तुझी नटी उत्तम उभी राहिलीय. पण ती ज्यासाठी उभी आहे, तेच खोटं आहे. मग मी तिची घालमेल का खरी मानू? हे रडणं बदल. असंच दिलंस तर मी पुढे पाठवणार नाही."

सगळे आवाज एकत्र करायच्या खोलीत सोमवारी तिची पाळी होती. ती चुकली, तर पुढच्या तुकडीबरोबर, म्हणजे आणखी एक वर्ष. आणि ते वर्ष तिच्याकडे नव्हतं. सासूबाईंच्या धाकट्या सुनेचे दिवस भरत आले होते. महिन्याभरात त्यांना तिकडे जायचं होतं. एकीला सांभाळायचं आणि दुसरीला वाऱ्यावर सोडायचं, असं त्या करणाऱ्यांतल्या नव्हत्या.

आठवडाभर तिनं जंग जंग पछाडलं. शेजारच्या तान्ह्या बाळापाशी मला घेऊन बसली, तर ते बाळ मला बघून खदखदा हसलं. दाढीनं स्वतः रडून दाखवलं. त्यावर आतून सासूबाई धावत आल्या. "कुणाला लागलं? दारात बोट चेमटलं का?"

"नाही आजी, मी अभिनय करतोय."

"मग डॉक्टर नको?"

"नको."

"बरं. मग दार लावून करा बाबा. शेजारी आजारी माणूस आहे."

रविवार उजाडला. दुपारी भिंगरी आतल्या खोलीत झोपली. सासूबाई वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेल्या. आईसाहेबांनी ठरवलं, रडणं नाही तर नाही, निदान बंद दाराबाहेरची शांतता तरी चांगली टिपून ठेवू. तिनं माईक दारासमोर उभा केला. वाऱ्यानं दार मध्येच आपटून आवाज बिघडेल, म्हणून बाहेरून कडी सरकवली. घरात दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, अगं, आत पोर आहे. पण आवाजाच्या माणसाच्या डोक्यात त्या क्षणी दार म्हणजे नुसता वाजणारा लाकडाचा तुकडा असतो. तिनं माझं लाल बटण दाबलं आणि हेडफोन चढवले.

शांतता. पंखा. दूर कुठेतरी कुणीतरी खिळा ठोकत होतं.

मग आतून आवाज आला, "आई?"

झोपेतला, अर्धवट, विचारल्यासारखा. मग पावलं. मग दार ढकलल्याचा आवाज. दार उघडेना. "आई! आई, दार!" आणि मग ती रडायला लागली.

मित्रांनो, मी आयुष्यात पुष्कळ रडणी ऐकली होती. ते रडणं वेगळं होतं. त्यात नाटक नव्हतं, हट्ट नव्हता. दार आहे आणि ते उघडत नाही, एवढंच त्यात होतं. चिमुकल्या तळहातांचे फटके, मध्येच कोंडणारा श्वास, परत 'आई'. आईसाहेबांचा हात कडीकडे गेला. तिची बांगडी कडीवर किणकिणली.

आणि हात तिथेच थांबला.

माझ्या काचेवर आवाजाच्या रेघा उंच उडत होत्या. ती त्यांच्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी गालावर, गालावरून हनुवटीवर येत होतं. ते फरशीवर पडून आवाज होऊ नये, म्हणून ती ते दुसऱ्या हातानं पुसत होती. मी यंत्र आहे. मला लाल दिवा लावता येतो, कडी काढता येत नाही.

हळूहळू रडणं ओसरलं. हुंदके राहिले. मग नुसतं नाक ओढणं. मग भिंगरी दाराला पाठ लावून खाली बसली, ते घसरत गेलेल्या फ्रॉकच्या आवाजावरून कळलं. आता तरी ती उठेल, असं मला वाटलं. ती उठली नाही. तिला शेपटी हवी होती. दोन वर्षांची सवय, हाडीमांसी खिळलेली. आवाज संपल्यावर थांबायचं. ती थांबली.

तेवढ्यात कपड्यांचा ढीग सांभाळत सासूबाई जिन्यावरून आल्या. त्यांनी मला पाहिलं, सुनेला पाहिलं, कडी पाहिली. हातातले कपडे तिथेच टाकून त्यांनी खाडकन कडी काढली आणि पोरीला उचलून घेतलं. भिंगरीचा चेहरा भिजून लाल झाला होता.

"अगं, पोर आत कोंडलंय! कानाला ते काय लावून बसलीस? ऐकू येत नाही का तुला?"

खरं तर आईसाहेबांइतकं मोठ्यानं त्या घरात कुणालाच ऐकू येत नव्हतं.

सासूबाई मग तिच्याकडे नीट बघत राहिल्या. तिचा ओला चेहरा बघितला. माझा लाल दिवा बघितला. त्यांना काय कळलं, किती कळलं, देव जाणे. त्या एवढंच म्हणाल्या, "घे हिला. आधी घे. बाकीचं मागून."

तिनं भिंगरीला घेतलं ते संध्याकाळपर्यंत खाली ठेवलं नाही.

सोमवारी सकाळी, चहाचं पाणी चढवून, तिनं मला ओट्यावर ठेवलं. कालचा आवाज काढला. ऐकला नाही. पुसायचं बटण दाबलं. माझ्या काचेवर अक्षरं आली: 'नक्की पुसायचं?' तिनं 'नाही' दाबलं. परत पुसायचं दाबलं. मी परत विचारलं. यंत्राला दुसरं काय येतं? तिचा अंगठा 'हो'वर तसाच टेकलेला होता. तेवढ्यात आतून भिंगरीनं हाक मारली, "आई, शू!" ती तशीच उठून गेली. चहाचं पाणी आटत राहिलं. थोड्या वेळानं माझी काच आपोआप विझली, आणि तिनं मला पिशवीत टाकलं.

आवाज एकत्र करायच्या खोलीत दाढी होताच. त्यानं ऐकलं आणि तो खुर्चीतून उठून उभा राहिला. "आईसाहेब! सोनं आहे हे, सोनं! कुणाचं पोर पकडलंत?"

"माझं."

"अरे वा, भिंगरी! काय अभिनय करते पोरगी!"

"अभिनय नाही रे."

दाढी खाली बसला. पुढे दिवसभर त्यानं एकही विनोद केला नाही. तिनं बांगडीची किणकिण तेवढी काळजीपूर्वक कापून काढली. बाकी सगळं ठेवलं. शेवटचं नाक ओढणंही.

बाईंनी सिनेमा पाहिला. "कुठून आणलंस?" त्यांनी विचारलं.

"घरून."

बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. बराच वेळ पुसत राहिल्या. "मी यापुढे काही विचारत नाही," त्या म्हणाल्या. "चांगलं झालंय. वाईट एवढंच, की फारच चांगलं झालंय. जा, घरी जाऊन झोप."

सिनेमा पसंत पडला. तपासायला आलेल्या मोठ्या लोकांनी तिच्या आवाजाच्या कामाचं तोंड भरून कौतुक केलं. कुणीतरी म्हणालं, असं रडणं आम्ही कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. ती मान खाली घालून 'हो, हो' म्हणत राहिली. खूप दिवसांचं ओझं उतरवल्यावर हमालाचे खांदे काही काळ वाकलेलेच राहतात ना, तशी ती दिसत होती.

मित्रांनो, आता मी परत खालच्या फळीवर आहे. नवी तुकडी आली आहे, पण मला कुणी मागत नाही. आवाज आत घेणारी माझी एक वाहिनी मुकी झाली आहे. लवकरच मला मोडीत काढतील, असं काका कुणाला तरी सांगत होते. तक्रार नाही. फक्त एक विनंती आहे. तुमच्या हाती जे यंत्र येईल, त्याला जपा. काम झाल्यावर बॅटरी काढून ठेवा, नाही तर ती आतल्या आत गळते आणि यंत्राचं काळीज खाते. वायर ओढू नका, हलकेच गुंडाळा. धूळ झाडा. आणि यंत्र घेऊन कुणापाशी उभे राहाल, तेव्हा समोर माणूस आहे, हे विसरू नका. आम्ही ऐकतो, पण धावून जाऊ शकत नाही. ते काम तुमचं आहे.

तिचं आणि माझं शेवटचं उठणं-बसणं सांगतो आणि थांबतो.

सगळे सिनेमे घरच्या माणसांना दाखवले, तो दिवस. अंधाऱ्या सभागृहात भिंगरी आईच्या मांडीवर बसली होती. पिशवीतला मी तिच्या पायाशी होतो. पडद्यावर परिचारिका चपला हातात घेऊन दारापाशी उभी राहिली, आणि रडणं सुरू झालं. भिंगरीनं मान वर केली.

"आई," ती मोठ्यानं म्हणाली, "ही मी आहे!"

आसपासची माणसं कौतुकानं हसली. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी अंधारात सुनेच्या हातावर हात ठेवला आणि तो सिनेमा संपेपर्यंत काढला नाही.

नंतर मला परत करायला दोघी मायलेकी सामानाच्या खोलीशी आल्या. काका जेवायला गेले होते. दोघी पायरीवर बसून राहिल्या. आईसाहेबांनी माझ्या वायरी शेवटच्या गुंडाळल्या. भिंगरी माझ्या बटणांवरून बोट फिरवत होती.

"माझं रडणं याच्यात आहे?"

"होतं. आता सिनेमात गेलं."

"यानं एकट्यानं घेतलं?"

"नाही गं राणी. हा एकटा काही करत नाही. याला कुणीतरी धरावं लागतं."

"कुणी धरलं?"

"मी."

भिंगरीनं थोडा विचार केला. रागावलेली नव्हती ती. रुसलेलीही नव्हती. एखाद्या खेळाचा नियम समजून घ्यावा, तसं तिनं आईच्या तोंडाकडे पाहिलं.

"मग तू दाराच्या बाहेरच होतीस. हो ना?"

"हो."

"मी किती हाका मारल्या. तुला ऐकू आल्या?"

"आल्या."

"मग आई, तू दार का नाही उघडलंस?"